ॲसिटिलकोलीन

ॲसिटिलकोलीन : प्राण्यांच्या शरीरात तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांशी तयार होणारे आणि तंत्रिकेतून आलेला आवेग पुढील कोशिकेपर्यंत (पेशीपर्यंत) पोहोचविणारे रासायनिक द्रव्य. कोलीन या क्षारधर्मी पदार्थाचे ॲसिटिक अम्लाशी झालेले हे एस्टर असून त्याच्या रेणूत कार्बनाचे ७, हायड्रोजनाचे १६, ऑक्सिजनाचे २ व नायट्रोजनाचा १ अणू असतो. रेणू लहान व साधा आहे. परंतु पापणी उचलण्यापासून श्वास घेण्यापर्यंतची प्रत्येक ऐच्छिक हालचाल, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, लाळ व घाम यांचे स्रवण आणि काही अंशी रक्तवाहिन्यांचे प्रसरण एवढी कामे त्याच्यावर अवलंबून असतात. नागाचे विष, द्राक्षबागेत फवारले जाणारे काही कीटकनाशक, धोतऱ्याचे बी आणि तंबाखू या वरवर पाहता असंबद्ध वाटणाऱ्या वस्तू शरीरात ज्या ठिकाणी घाला घालतात, ते ठिकाण ॲसिटिलकोलिनाच्याच कार्यक्षेत्रात येते. म्हणूनच सातारा-सांगली भागातील कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात या द्रव्याच्या क्रियेचे ज्ञान जीव वाचविण्याच्या कामी येते.

इतिहास : हे संयुग प्रयोगशाळेत १८६७ मध्येच तयार करण्यात आले होते, तथापि त्याच्या शरीरक्रियात्मक गुणांकडे चाळीस वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. १९०६ मध्ये रीड हंट व रने टाव्हो या अमेरिकन संशोधकांना असे आढळून आले की, रक्तदाब कमी करण्याच्या बाबतीत ते कोलिनापेक्षा सुमारे एक लाख पट प्रभावी आहे. १९१४ मध्ये इंग्लंडमध्ये आर्थर इव्हिन्झ यांनी अर्गट या कवकापासून (बुरशीपासून) ते वेगळे केले आणि त्यांचे सहकारी हेन्री डेल यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. डेल यांनी त्याच्या क्रियांचे दोन गट पाडले. काही क्रिया विषारी छत्रकातील मस्करीन या द्रव्याच्या क्रियांसारख्या असतात व ॲट्रोपीन दिल्यास त्या थांबतात. इतर क्रिया तंबाखूतील निकोटिनाच्या क्रियांसारख्या असतात व त्यांवर ॲट्रोपिनाचा परिणाम होत नाही. मस्करिनी व निकोटिनी ही नावे तेव्हापासून रूढ झाली असून ती आजही टिकून आहेत. या द्रव्याची क्रिया क्षणभंगुर असते, यावरून त्याचा नाश करणारे एखादे एंझाइम रक्तात असावे, असाही तर्क डेल यांनी केला होता. तो पुढे खरा ठरला.

मात्र शरीर स्वतः हे द्रव्य वापरते, याला त्या वेळी पुरावा नव्हता. तो १९२१ मध्ये ओटो लव्ही यांनी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे दिला. त्यांनी बेडकाचे हृदय बाहेर काढून लवणविद्रावात धडधडत ठेवले आणि त्याची प्राणेशा तंत्रिका उद्दीपित केली. हृदय मंदावल्यावर त्यातील विद्राव दुसऱ्या हृदयात सोडला, तेव्हा तंत्रिकेशी काही संबंध नसतानाही ते दुसरे हृदय मंदावले. तंत्रिका आपला निरोप रसायनाच्या रूपाने पाठवते, हे यावरून दिसून आले. १९२९ मध्ये डेल व हॅरल्ड डडली यांना बैल व घोडा यांच्या प्लीहेत ॲसिटिलकोलीन सापडले, तर १९३६ मध्ये डेल, व्हिल्हेल्म फेल्डबेर्ख व मार्थ फोक्ट यांनी ऐच्छिक स्नायूंच्या तंत्रिकांतूनही तेच बाहेर पडते, असे दाखविले. त्याच वर्षी डेल व लव्ही यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

निर्मिती व नाश : तंत्रिकेच्या टोकात कोलीन व ॲसिटिल को-एंझाइम ए यांच्यापासून ॲसिटिलकोलीन बनते व सूक्ष्म पुटिकांत साठविले जाते. एकेका पुटिकेत त्याचे काही हजार रेणू असतात. आवेग टोकापर्यंत आला म्हणजे कॅल्शियमाचे आयन (विद्युत् भारित अणू) आत शिरतात, पुटिका कोशिकेच्या पटलाशी एकरूप होतात आणि त्यांतील द्रव्य मधल्या अरुंद फटीत ओतले जाते. ते पलीकडच्या कोशिकेवरील ग्राहींना (विशिष्ट द्रव्य ओळखून धरणाऱ्या प्रथिनांना) चिकटते. काम होताच फटीतच असलेले ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एंझाइम त्याचे कोलीन व ॲसिटिक अम्ल असे दोन तुकडे करते. या एंझाइमाचा एक रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलिनाचे कित्येक हजार रेणू फोडतो. कोलीन पुन्हा तंत्रिकेत शोषले जाऊन नव्याने वापरले जाते. निरोप देण्याइतकाच तो पुसून टाकणेही महत्त्वाचे असते; पुसला न गेलेला निरोप किती घातक ठरतो, ते कीटकनाशकांच्या विवेचनात पुढे दिसेल.

ऐच्छिक स्नायूंवरील क्रिया : हाडांना जोडलेल्या रेखित स्नायूंच्या प्रत्येक तंतूवर तंत्रिकेचे एक टोक येऊन भिडते. या तंत्रिका-स्नायू संधीवरील ग्राही निकोटिनी प्रकारचे असतात. असा ग्राही पाच उपघटकांचा बनलेला असून त्यांच्या मध्यभागी एक मार्ग असतो. ॲसिटिलकोलिनाचे दोन रेणू ठराविक जागी बसले की, हा मार्ग उघडतो, सोडियमाचे आयन आत घुसतात, तंतूच्या पटलावर विद्युत् आवेग निर्माण होतो व तंतू आकुंचन पावतो. हे सर्व काही मिलिसेकंदांत घडते.

निसर्गाने येथे हात सैल ठेवला आहे. आवेगागणिक सुटणारे ॲसिटिलकोलीन आणि उपलब्ध ग्राही ही दोन्ही गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. सुमारे तीन-चतुर्थांश ग्राही निकामी होईपर्यंत स्नायूचा दुबळेपणा बाहेरून दिसत नाही. ही गोष्ट सर्पदंशाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिला तास-दोन तास रुग्ण बरा दिसतो, याचा अर्थ विष चढलेले नाही असा होत नाही.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच निकोटिनी ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. सकाळी पापण्या उघड्या असतात व सायंकाळी गळून पडतात. जेवताना अर्ध्यावर जबडा थकतो. १९३४ मध्ये मेरी वॉकर या इंग्लंडमधील महिला डॉक्टरांनी फायसोस्टिग्मीन हे एंझाइमरोधक औषध देऊन असा रुग्ण काही काळ पूर्ववत करून दाखविला. उरलेल्या थोड्या ग्राहींना ॲसिटिलकोलीन अधिक वेळ मिळावे, हे त्यामागील तत्त्व होय.

हृदय व अरेखित स्नायू यांवरील क्रिया : येथील ग्राही मस्करिनी असतात. ते स्वतः मार्ग उघडत नाहीत, तर कोशिकेच्या आतील जी-प्रथिनांमार्फत निरोप पुढे पाठवतात. त्यामुळे परिणाम सावकाश होतो व अधिक काळ टिकतो. हृदयात पोटॅशियमाचे मार्ग उघडून गती मंदावते. आतडी, मूत्राशय व श्वासनलिका यांच्या भित्तींतील अरेखित स्नायू आकुंचन पावतात, डोळ्याची बाहुली लहान होते आणि लाळ, अश्रू, जठररस व श्वासनलिकेतील श्लेष्मा यांचे स्रवण वाढते. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या तंत्रिका अनुकंपी तंत्रिका तंत्रातील असूनही त्यांच्या टोकाशी ॲसिटिलकोलीनच सुटते. हा अपवाद विद्यार्थ्यांना नेहमी अडचणीत टाकतो.

रक्तवाहिन्यांवरील क्रिया : रोहिणीच्या भित्तीतील स्नायूही अरेखितच असतो. आतड्याचा अरेखित स्नायू ज्या द्रव्याने आकुंचन पावतो, त्याच द्रव्याने रोहिणी मात्र सैल पडते व रक्तदाब उतरतो, हे कोडे हंट व टाव्हो यांच्यापासून सत्तर वर्षे सुटले नव्हते. त्यात भर अशी की, शरीराबाहेर काढलेल्या महारोहिणीच्या पट्टीला ॲसिटिलकोलीन लावले, तर बहुधा ती प्रसरण न पावता उलट आकुंचन पावे. न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकापासून सशाच्या महारोहिणीवर असेच प्रयोग चालत.

१९७८ मध्ये तेथील एका सहायकाकडून औषधे देण्याचा क्रम चुकला. अगोदरच्या औषधाने आकुंचित झालेली रोहिणी धुऊन न घेताच तिच्यावर ॲसिटिलकोलिनासारखे कार्य करणारे कार्बाकॉल टाकले गेले आणि ती चक्क सैल पडली. अशी चूक रद्द करून प्रयोग पुन्हा मांडणे हीच सामान्य रीत. फर्चगॉट यांनी तसे न करता कारणाचा शोध घेतला. रोहिणीच्या पट्ट्या कापताना तिच्या आतील पृष्ठावरील कोशिकांचा एकपदरी थर, म्हणजे अंतःस्तर, घासला जाऊन नष्ट होत होता, असे त्यांना दिसून आले. अंतःस्तर शाबूत असेल, तर ॲसिटिलकोलिनाने रोहिणी प्रसरते. तो खरवडून काढला, तर आकुंचन पावते. त्यांनी अंतःस्तर नसलेली एक पट्टी व तो असलेली दुसरी पट्टी समोरासमोर लावून प्रयोग केला, तेव्हा पहिलीही सैल पडली. याचा अर्थ असा की, अंतःस्तरातून कोणते तरी प्रसरणकारी द्रव्य झिरपून शेजारच्या स्नायूपर्यंत जात होते. फर्चगॉट व जॉन झवाड्झ्की यांचा हा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय, हे १९८७ पर्यंत निश्चित झाले आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिड मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज या क्रियेची साखळी पुढीलप्रमाणे मानली जाते : ॲसिटिलकोलीन अंतःस्तराच्या कोशिकांवरील मस्करिनी ग्राहींना चिकटते, कोशिकेत कॅल्शियम वाढते, त्यामुळे एक एंझाइम कार्यान्वित होऊन आर्जिनीन या ॲमिनो अम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते, हा वायू स्नायुकोशिकेत शिरून तेथील ग्वानिलिल सायक्लेज या एंझाइमाला चालना देतो, त्यातून बनणाऱ्या चक्रीय जीएमपी या द्रव्यामुळे स्नायूतील कॅल्शियम कमी होऊन तो शिथिल होतो. ॲसिटिलकोलीन थेट स्नायूलाच भेटले, तर तेथील मस्करिनी ग्राहींमुळे आकुंचनच घडते. जुना विरोधाभास असा मिटला. हृद्शूळासाठी जिभेखाली ठेवण्यात येणारी नायट्रोग्लिसरिनाची गोळी शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे. तीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच पुरविते, हे या संशोधनामुळेच कळले.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. शरीरातील बहुतेक रक्तवाहिन्यांना परानुकंपी तंत्रिका पोहोचतच नाहीत. त्यामुळे रोजचा रक्तदाब ॲसिटिलकोलीन ठरविते, असे समजणे चुकीचे होईल. अंतःस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडावयास लावणारे नेहमीचे कारण म्हणजे वाहत्या रक्ताचे घर्षण होय. ॲसिटिलकोलिनाचे मोल येथे परीक्षक म्हणून अधिक आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत हृद्-रोहिण्यांत ते थेट सोडून पाहण्यात आले, तेव्हा निरोगी रोहिण्या प्रसरल्या, तर वसायुक्त थर साचलेल्या रोहिण्या आकुंचित झाल्या. अंतःस्तराचे आरोग्य पाहण्यासाठी आणि हृद्-रोहिणीच्या अचानक आकुंचनाचे निदान करण्यासाठी ही चाचणी काही केंद्रांत वापरतात.

सर्पविष : सांगली जिल्ह्यातील शिराळा (बत्तीस शिराळा) हे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक करण्याची परंपरा होती; वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यानंतरचे न्यायालयीन आदेश यांमुळे तिच्यावर बंधने आली. ज्या नागाला तेथे देवत्व दिले जाते, त्याच्या विषातील मुख्य तंत्रिकाविष हे तंत्रिका-स्नायू संधीवरील निकोटिनी ग्राहीला घट्ट चिकटून ॲसिटिलकोलिनाची जागा अडविते. प्रथम पापण्या जड होतात, मग दृष्टी दुहेरी होते, गिळता व बोलता येईनासे होते, मान धरवत नाही आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थांबतात. या अवस्थेत रुग्ण शुद्धीवर असू शकतो; त्याला ऐकू येते, पण बोटही हलविता येत नाही. त्याला मेलेला समजून प्रयत्न सोडणे ही यातील सर्वांत भयंकर चूक होय. कृत्रिम श्वसन चालू राहिले, तर तो पूर्ण बरा होऊ शकतो.

मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या विषातील एक प्रमुख घटक तंत्रिकेच्या टोकावरच हल्ला करतो. पुटिका रित्या होतात व टोक नष्ट होते. दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. वेदना व सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात आणि घरच्यांना सापाची शंकाही येत नाही. नागदंशात प्रतिविषाबरोबर ॲट्रोपीन व निओस्टिग्मीन दिल्यास ॲसिटिलकोलिनाचे प्रमाण वाढून अडविलेल्या ग्राहींवर मात करता येते व पापण्या काही मिनिटांत उचलल्या जातात. मण्यारदंशात मुळात ॲसिटिलकोलीनच सुटत नसल्याने या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. नवे टोक तयार होईपर्यंत, म्हणजे काही दिवस ते आठवडे, श्वसनयंत्राचाच आधार लागतो. कोयनेच्या खोऱ्यातील वाडीवरून रुग्णाला कऱ्हाड किंवा मिरजेपर्यंत नेण्यास लागणारा वेळ म्हणूनच निर्णायक असतो. दंशाची जागा कापणे, घट्ट आवळणे किंवा मंत्र घालण्यात घटका घालविणे यांनी ग्राहीवर बसलेले विष सुटत नाही.

मुंगूस एखादी वनस्पती खाऊन नागाचे विष उतरविते, असा समज आहे. खरे कारण त्याच्या स्नायूंतच आहे. मुंगसाच्या निकोटिनी ग्राहीतील काही ॲमिनो अम्ले बदललेली असल्याने नागाचे तंत्रिकाविष त्याला नीट चिकटू शकत नाही. नाग स्वतःच्या विषाने मरत नाही, याचेही कारण याच प्रकारचे आहे. तैवानमधील मण्यारीपासून १९६३ मध्ये वेगळ्या केलेल्या विषाचा हा चिकटपणाच पुढे संशोधकांच्या उपयोगी पडला आणि त्याच्या साहाय्याने निकोटिनी ग्राही शुद्ध रूपात मिळविता आला.

पश्चिम महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष तंत्रिकांच्या टोकांतील सोडियमाचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे आरंभी ॲसिटिलकोलिनाचा पूर येतो : ओकाऱ्या, लाळ, भरपूर घाम, मंद नाडी. मागोमाग ॲड्रेनॅलीन वर्गातील द्रव्यांचा लोंढा येऊन हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो व फुप्फुसांत पाणी साचते. मृत्यू बहुधा या दुसऱ्या टप्प्यात होतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात या टप्प्यावर प्राझोसीन हे रक्तवाहिन्या प्रसरविणारे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आणले.

कीटकनाशके : ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज या एंझाइमाला कायमची जखडतात, कार्बामेट वर्गातील काही काळापुरती. कीटक मरतो तो न पुसल्या गेलेल्या निरोपांमुळे, आणि माणूसही त्याच कारणाने मरतो. तासगाव, मिरज व कवठे महांकाळ या तालुक्यांतील द्राक्षबागा, कृष्णाकाठचा ऊस आणि सातारा जिल्ह्यातील आले व भाजीपाला यांवर निरनिराळ्या औषधांच्या फवारण्या होतात. त्यांतील सर्वच औषधे या वर्गातील नसतात. द्राक्षावर तर बुरशीनाशकेच अधिक. परंतु फवारणाऱ्या मजुराला डब्यातील द्रव्य कोणत्या वर्गाचे आहे, हे क्वचितच सांगितले जाते. हे विष पोटातून व श्वासातून तसेच धडधाकट कातडीतूनही शोषले जाते. पाठीवरील पंप गळून सदरा भिजला, तरी विषबाधा होऊ शकते.

दुपारी फवारताना चक्कर, मळमळ व घाम सुरू झाला म्हणजे ‘ऊन लागले’ असे म्हणून माणसाला झाडाखाली निजवितात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तोंडाला लाळ-फेस येत असेल, दंड-मांड्यांचे स्नायू आपोआप फडफडत असतील, तर ते ऊन नव्हे. भिजलेले कपडे ताबडतोब काढून अंग साबणपाण्याने धुणे व औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठणे, एवढे तरी प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असावयास हवे. शुश्रूषा करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.

उपचारात ॲट्रोपीन हे मुख्य औषध होय. ते मस्करिनी ग्राही अडविते. त्यामुळे छातीतील स्राव आटतो व नाडी सुधारते. निकोटिनी ग्राहींवर त्याचा परिणाम होत नसल्याने स्नायूंचा दुबळेपणा तसाच राहतो. बरा होतो आहे असे वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांनंतर अचानक मान उचलेनासा होतो व श्वास थांबतो. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये वर्णिलेली ही अवस्था लक्षात घेता त्याला लवकर घरी सोडणे धोक्याचे असते. जखडलेले एंझाइम मोकळे करण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम देतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बारामती येथील २०० रुग्णांवरील चाचणीत हे औषध मोठ्या मात्रेत सतत शिरेतून दिल्यास मृत्यू कमी होतात, असे आढळले. उलट २००९ मधील श्रीलंकेतील चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. हा वाद मिटलेला नाही. विषबाधा झाल्यापासून जितका उशीर, तितका एंझाइमाशी विषाचा बंध पक्का होत जातो, यात मात्र दुमत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी व मजूर दगावले. २०१८ च्या केंद्र शासनाच्या आदेशाने मिथिल पॅराथिऑनवर बंदी आली, तर फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन व डायक्लोरव्हॉस ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद करण्यात आली.

इतर : धोतऱ्याच्या बियांत ॲट्रोपीन व तत्सम द्रव्ये असतात. त्यांच्या विषबाधेत चित्र नेमके उलटे दिसते : विस्फारलेल्या बाहुल्या, कोरडे तोंड, तापलेली कातडी व भ्रम. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी निकोटिनी ग्राही अडविणारी औषधे वापरतात व त्यांतील अनेकांचा परिणाम शेवटी निओस्टिग्मिनाने उतरवितात. स्वतः ॲसिटिलकोलीन औषध म्हणून मात्र फारसे उपयोगी नाही, कारण रक्तात जाताच ते नष्ट होते; डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बाहुली झटपट लहान करण्यासाठी त्याचा विद्राव वापरतात. मेंदूतील ॲसिटिलकोलीन निर्माण करणाऱ्या कोशिकांचा ऱ्हास अल्झायमर रोगात आढळतो. त्यावर डोनेपेझिलासारखी सौम्य एंझाइमरोधके देतात. त्यांनी स्मृतीचा ऱ्हास काही काळ मंदावल्यासारखा वाटतो, पण रोग थांबत नाही.